पोस्टमॉर्टेम रिपोर्टात 'हायलाईन' लिहिलंय, म्हणजे जनावराला नेमकं झालं काय?

एखादं करडू सकाळी दूध पिऊन अंगणात उड्या मारत असतं आणि दुपारी गोठ्यात मेलेलं सापडतं. विमा काढलेला असेल किंवा मालक जागरूक असेल तर शवविच्छेदन होतं, हृदयाचा आणि मांडीच्या स्नायूचा तुकडा प्रयोगशाळेत जातो आणि काही दिवसांनी रिपोर्ट येतो. हा रिपोर्ट हल्ली मोबाईलवरच येतो, त्यामुळे मालकाबरोबर अख्खी वाडी तो वाचते. त्यातल्या एका ओळीवर सगळे अडतात: 'स्नायुतंतूंमध्ये हायलाईन डिजनरेशन.' मग फोन येतो, "डाक्टरानू, ह्यो खंयचो रोग? बाकीच्या बकऱ्यांका लागतलो काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं नीट उत्तर मिळालं नाही की कुणी 'असेल काहीतरी डॉक्टरी' म्हणून कागद बाजूला ठेवतो, तर कुणी घाबरून उरलेल्या शेळ्या मिळेल त्या भावात विकून टाकतो. दोन्हींत नुकसान मालकाचंच. हायलाईन हे कुठल्याही रोगाचं नाव नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती कशी दिसली, याचं ते वर्णन आहे. पण ते कुठल्या अवयवात दिसलं, कशापासून बनलं होतं आणि त्याच्या शेजारी काय होतं, हे धरून ती ओळ वाचली तर उरलेला कळप वाचवायची दिशा तिच्यातूनच मिळते.

आधी हे दिसतं कसं?

तुकडा प्रयोगशाळेत आला की तो फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात आणि त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतका पातळ काप जवळजवळ रंगहीन असतो, म्हणून तो दोन रंगांत बुडवतात. हिमॅटॉक्सिलिनमुळे पेशीचं केंद्रक निळं-जांभळं होतं, इओसिनमुळे बाकीची प्रथिनं गुलाबी होतात. निरोगी ऊतीतल्या गुलाबी भागातही बारीक नक्षी असते. स्नायूत आडव्या रेघा असतात, मूत्रपिंडाच्या पेशीत रवाळपणा असतो. ही नक्षी पुसली जाऊन तिथं एकसलग, तुकतुकीत, काचेसारखा गुलाबी रंग दिसला की पॅथॉलॉजिस्ट 'हायलाईन' असं लिहितो.

डिजनरेशन म्हणजे ऱ्हास. पेशी आजारी आहे, तिची रचना बिघडते आहे, पण ती मेलीच आहे असं नाही. पेशी मेली असेल तर त्याला नेक्रोसिस म्हणतात. जुन्या पुस्तकांनी 'हायलाईन डिजनरेशन' या सदरात टाकलेलं बरंच काही, विशेषतः स्नायूंमधलं, आज नेक्रोसिस मानलं जातं. दोन्ही शब्द अजून वापरात आहेत, त्यामुळे एकाच रिपोर्टात ते शेजारी शेजारी दिसले तर गोंधळून जाऊ नये.

गुलाबी रंगावरून एवढंच कळतं की इथं प्रथिन दाट झालं आहे. ते कुठलं, हे कळत नाही. पेशीतलंच गोठलेलं प्रथिन, रक्तातून गळून आलेलं प्रथिन, जुन्या व्रणातलं कोलॅजन आणि शिंगातलं केरॅटिन, सगळी गुलाबीच दिसतात. म्हणून पशुरोगशास्त्रात हायलाईनचे प्रकार मुख्यतः जागेवरून पाडले आहेत: स्नायूंतलं, अस्तराच्या पेशींचं, संयोजी (अवयवांना बांधून ठेवणाऱ्या) ऊतीतलं आणि केरॅटिनचं.

नुसत्या रूपावर विसंबलं तर काय होतं, याचं एक उदाहरण इतिहासात आहे. 1890 साली एडिंबराच्या विल्यम रसेल यांना कर्करोगाच्या गाठींत तुकतुकीत गुलाबी गोळे दिसले. कर्करोग घडवणारा जीव सापडला, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात त्या शरीराच्याच प्लाझ्मा पेशी होत्या. या पेशींनी बनवलेली प्रतिपिंडं बाहेर न पडता आतच साठून त्यांचे गोळे झाले होते. आजही त्यांना 'रसेल बॉडी' म्हणतात आणि जुनाट सुजेत त्या नेहमी दिसतात.

स्नायूतलं हायलाईन: चिकाचा खरवस होतो तसं

गुराढोरांच्या रिपोर्टात सगळ्यात महत्त्वाचं हायलाईन हेच. त्याचं पहिलं सविस्तर वर्णन माणसातलं आहे. जर्मन पॅथॉलॉजिस्ट फ्रीडरिख आल्बर्ट फॉन त्सेंकर यांनी 1864 साली विषमज्वराने गेलेल्या रुग्णांच्या पोटाच्या आणि मांडीच्या स्नायूंत ते दाखवलं. रिपोर्टात 'झेंकर्स डिजनरेशन' किंवा 'झेंकर्स नेक्रोसिस' येतं ते त्यांच्याच नावावरून.

गाय व्याल्यानंतरचा चीक पातळ असतो. वाफ लागली की त्यातली प्रथिनं उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि घट्ट वडी होते. ती कापली तर आत सगळीकडे एकसारखी दिसते, आणि त्या खरवसाचा पुन्हा चीक करता येत नाही. स्नायुतंतूतही प्रथिनं अशीच गोठतात. फरक एवढाच की तिथं वाफेचं काम कॅल्शियम करतं.

स्नायुपेशीच्या बाहेरच्या द्रवात कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट जास्त असतं. आवरणावरचे पंप ते सतत बाहेर ढकलत असतात. काही कारणाने आवरण फाटलं की कॅल्शियम आत घुसतं आणि तंतू ताबडतोब, बेसुमार आकसतो. पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया ते कॅल्शियम शोषून घेत राहतात आणि शेवटी बंद पडतात. ऊर्जा संपली की पंप थांबतात आणि आणखी कॅल्शियम आत येतं. या फेऱ्यात आतली प्रथिनं गोठतात, तंतू फुगतो, आडव्या रेघा नाहीशा होतात. हेच हायलाईन. पुढे त्या तंतूचे तुकडे पडतात आणि सफाई करणाऱ्या पेशी ते खाऊन टाकतात.

हे नुसत्या डोळ्यांनीही बरंचसं ओळखता येतं. करडाची मांडी उघडली की निरोगी स्नायू गडद तांबडा दिसायला हवा. त्याऐवजी तो फिकट, शिजवल्यासारखा दिसतो आणि त्यात तंतूंच्या दिशेनं पांढुरक्या रेघा असतात. डावी-उजवी मांडी ताडून पाहावी. पोषणातल्या कमतरतेमुळे असेल तर दोन्हीकडे तेच स्नायू सारखेच बाधलेले दिसतात. मार लागून किंवा दाबामुळे झालं असेल तर सहसा एकच बाजू. पांढऱ्या रेघेवर सुरी फिरवली आणि किरकिर जाणवली, तर मेलेल्या तंतूंत चुना बसायला लागला आहे असं समजावं.

रंग तोच, पण शेजारी कोण?

स्नायुतंतू गोठायची कारणं अनेक आहेत. रिपोर्ट वाचताना हायलाईन या शब्दापेक्षा त्याच्या पुढची दोन वाक्यं जास्त लक्ष देऊन वाचावीत, असं मी प्रत्येकाला सांगते.

गोठलेल्या तंतूंभोवती लिम्फोसाइट, म्हणजे विषाणूच्या मागावर येणाऱ्या पांढऱ्या पेशी, गर्दी करून असतील, जागा हृदयाची असेल आणि जनावर कोवळं वासरू असेल, तर पहिला संशय लाळ्या-खुरकूतचा. मोठ्या गुरांत या रोगाने तोंडात-खुरांत फोड येतात आणि बहुतेक जनावरं वाचतात. कोवळ्या वासरांत मात्र विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर जातो आणि एकही फोड न येता वासरू पटकन मरतं. हृदयावर करडे-पिवळट पट्टे दिसतात, म्हणून त्याला 'टायगर हार्ट' असं नाव पडलं. अशा रिपोर्टाचा अर्थ स्पष्ट आहे: विषाणू वाडीत आहे, जनावरांची ये-जा थांबवा, दवाखान्याला कळवा. 2019 पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या रोगाची लस दर सहा महिन्यांनी मोफत दिली जाते. वासराला ती साधारण चार महिन्यांचं झाल्यावर मिळते. तोवर त्याला आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षणच काय ते, म्हणून गाभण गाय लसीविना राहू देऊ नये.

तंतूंमध्ये वायूचे बुडबुडे, रक्तस्राव आणि काठीसारखे जिवाणू दिसले तर तो फऱ्या. त्यात मांडी किंवा खांदा सुजतो आणि दाबला की चरचरतो.

सफाई करणाऱ्या पेशी भरपूर, चुना भरपूर आणि लिम्फोसाइट जवळजवळ नाहीत, असं चित्र असेल तर बोट व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमच्या कमतरतेकडे जातं. त्याबद्दल पुढे सविस्तर.

चौथी शक्यता विषाची. तंतू गोठलेले आहेत, पण चुना फारसा नाही आणि सूजही बेताची. इथं मी कासविंदा या झुडपाचं नाव मुद्दाम घेते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आपण ज्याची भाजी करतो तो टाकळा वेगळा. त्याला पानांच्या बहुधा तीन जोड्या, टोकाशी गोलसर, आणि शेंग बारीक, लांब, वाकडी. कासविंद्याला पानांच्या चार-पाच जोड्या, टोकाशी निमुळत्या. पान चुरगळलं की उग्र वास येतो. शेंग चपटी आणि कडेला फिकट. ओला कासविंदा गुरं त्या वासामुळे सहसा खात नाहीत. पण पावसाळा संपल्यावर शेंगा वाळतात, कापलेल्या गवताबरोबर भाऱ्यात येतात आणि गोठ्यात पोचतात. या बिया स्नायूंना घातक आहेत. जनावर पाय ओढू लागतं, बसतं, लघवी गडद होते. गुरं, शेळ्या, डुकरं, कोंबड्या, सगळ्यांत हे दिसलेलं आहे. सड्यावरचं गवत कापताना आधी हे झुडूप उपटून टाकावं.

दुसरं विष आपण स्वतःच घालतो. कोंबड्यांच्या तयार खाद्यात रक्ती हगवणीवर उपाय म्हणून मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन मिसळलेलं असू शकतं. कोंबडीला ते चालतं. घोड्याला मात्र वजनाच्या किलोमागे 2 ते 3 मिलिग्रॅम मोनेन्सिनही जीवघेणं ठरू शकतं, कोंबडीत हाच आकडा 200 च्या घरात आहे. गुरं आणि शेळ्या या दोन टोकांच्या मध्ये येतात. हे औषध कॅल्शियम-सोडियमचा तोलच बिघडवतं, त्यामुळे हृदयाचे आणि पायांचे तंतू गोठतात. उरलेलं कोंबडीखाद्य शेळीपुढे ओतायची सवय बंद करावी. सरकी पेंडही कोवळ्या वासरांना आणि करडांना जपूनच द्यावी, कारण तिच्यातलं गॉसिपॉल हृदयाच्या स्नायूला बाधतं.

मग सगळ्यांनाच सेलेनियमचं इंजेक्शन दिलं तर?

हा प्रश्न हमखास येतो, कारण 'व्हाइट मसल डिसीज', म्हणजे याच कमतरतेने स्नायू पांढुरके पडायचा रोग, हे नाव इंटरनेटवर लगेच सापडतं. पेशीत ऊर्जा तयार होताना काही तिखट ऑक्सिजन-रेणूही बनतात आणि ते आवरणातल्या चरबीला जाळत सुटतात. व्हिटॅमिन ई त्या आवरणातच बसून ही जळण थोपवतं. सेलेनियम एका एन्झाइमचा भाग होऊन ते रेणूच नष्ट करतं. दोन्ही कमी पडली की आवरण फाटतं आणि कॅल्शियमचं वर सांगितलेलं चक्र सुरू होतं. सर्वांत जास्त राबणारे स्नायू आधी जातात: हृदय, मांड्या, छातीचा पडदा, दूध ओढणारी जीभ. म्हणून असं करडू भुकेलं आणि टवटवीत दिसतं, पण ताठर चालतं, उठू शकत नाही, कधी दूध ओढता ओढता ठसकतं. बांधून ठेवलेलं करडू पहिल्यांदाच मोकळं सोडलं आणि धावता धावता कोसळलं, तर हृदय बाधलेलं असण्याची शक्यता मोठी.

आता आपल्या कोकणातलं चाऱ्याचं चित्र पाहा. व्हिटॅमिन ई हिरव्या चाऱ्यात भरपूर असतं आणि साठवणीत घटत जातं. भाताच्या जुन्या पेंढ्यात ते फार थोडं उरतं. मार्च ते मे गाभण शेळी-म्हैस पेंढ्यावर काढते आणि त्याच काळात पोटातल्या पिल्लाची शिदोरी ठरते. सेलेनियम मातीतून येतं. आम्लधर्मी, लोहयुक्त मातीत ते लोहाला चिकटून राहतं आणि चाऱ्याला कमी मिळतं, हा सर्वसाधारण नियम आहे, आणि आपली जांभ्याची माती तशाच जातीची. तिसरी गोष्ट खवट चरबी. खवट तेल किंवा नीट न वाळवलेली मासळीची कुटी खाद्यात घातली तर ती चरबी व्हिटॅमिन ई संपवून टाकते. कुटीवर वाढवलेल्या कोंबड्यांच्या पिल्लांत हे ध्यानात ठेवावं.

तरीही सरसकट इंजेक्शन देऊ नये. सेलेनियमचा आवश्यक डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडं आहे. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर भागांत काही जमिनींत सेलेनियम इतकं जास्त आहे की तिथली गुरं त्याच्या विषबाधेनेच आजारी पडतात, खूर आणि शिंगं झडतात. रक्ताची तपासणी किंवा मेलेल्या जनावराच्या यकृताची चाचणी करून, वजन मोजून, पशुवैद्यकाने डोस ठरवावा. हिरवा चारा आणि खनिज मिश्रण मात्र कुणालाही विचारल्याशिवाय सुरू करता येतं.

बसलेली म्हैस उठत का नाही?

याच हायलाईनचा एक प्रकार निव्वळ दाबाने होतो, आणि तो माणसाच्या हाताने टळण्यासारखा असल्यामुळे मला त्याची जास्त हळहळ वाटते. व्यायल्यानंतर दुग्धज्वराने, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम उतरल्याने, म्हैस बसते. कॅल्शियमची बाटली चढते, डोळे तरतरीत होतात, चारा खाते, पण उठत नाही. कारण एवढा वेळ चार-पाचशे किलोचं अंग एकाच मांडीवर रेललेलं होतं. कोब्यावर सहा-आठ तास तसंच पडून राहिलं तरी खालच्या मांडीचं रक्त थांबतं, तंतू गोठतात आणि शिरांवर दाब येतो. मूळ रोग बरा होतो आणि म्हैस या दुसऱ्या दुखण्याने जाते.

उपाय साधा आणि कष्टाचा आहे. खाली वीतभर पेंढा किंवा वाळू घालावी, दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलावी आणि जनावर छातीवर बसतं ठेवावं. रक्तात सीके नावाचं एन्झाइम मोजून स्नायू किती फुटलाय याचा अंदाज घेता येतो. सीके झपाट्याने वाढतं आणि झपाट्याने उतरतं, एएसटी हे दुसरं एन्झाइम मागाहून सावकाश उतरतं. दोन दिवसांनी सीके खाली येत असेल तर नवे तंतू मरायचे थांबले आहेत, धीर सोडू नये.

लघवी कॉफीसारखी झाली तर ती स्नायूतून सुटलेल्या मायोग्लोबिनमुळे. पण गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसियातही लघवी लाल होते आणि लघवी तपासायची कागदाची पट्टी दोन्हींत 'रक्त आहे' असंच दाखवते. रक्ताची नळी थोडा वेळ उभी ठेवून वरचं पाणी पाहावं. ते गुलाबी असेल तर तांबड्या पेशी फुटताहेत. स्वच्छ पिवळसर असेल तर स्नायूकडे बघा.

मूत्रपिंडातलं हायलाईन

हे अस्तराच्या पेशींचं. मूत्रपिंडाची गाळणी बिघडली की रक्तातली प्रथिनं लघवीच्या नळीत उतरतात. नळीच्या पेशी ती शोषून घेतात आणि त्यांच्या आत गुलाबी थेंब दिसू लागतात. पेशी इथं मेलेली नसते, ती काम करून थकलेली असते. गळती थांबली की थेंबही जातात. नळीतच घट्ट झालेल्या प्रथिनांच्या कांड्या बनतात, त्यांना हायलाईन कास्ट म्हणतात. कुत्रा तापात असला किंवा खूप धावला तर एखाद-दुसरी कांडी निरोगी लघवीतही सापडते. भरपूर सापडल्या तर चौकशी हवी, आणि कोकणात त्या चौकशीत लेप्टोस्पायरोसिस आलाच पाहिजे. तो जिवाणू मूत्रपिंडाच्या नळ्यांतच ठाण मांडतो आणि लघवीवाटे शेतातल्या पाण्यात उतरतो. लेप्टो झालेल्या माणसाच्या पोटऱ्या असह्य दुखतात, त्या स्नायूंतही काही तंतू असेच गोठलेले आढळतात.

या थेंबांनी औषध-रसायनांच्या चाचण्यांतही मोठा पेच निर्माण केला होता. पेट्रोल आणि संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन दिल्यावर नर उंदरांच्या मूत्रपिंडात भरमसाट हायलाईन थेंब आणि पुढे गाठी होत. शोधाअंती दिसलं की याला नर उंदराच्या यकृतातच भरपूर बनणारं एक खास प्रथिन कारणीभूत आहे. मादी उंदरात आणि माणसात तसं काही होत नाही. 1991 साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, अशा मार्गाने झालेल्या गाठी माणसाच्या धोक्याचा पुरावा धरू नयेत, असं ठरवलं.

व्रण, रक्तवाहिन्या, शिंग

संयोजी ऊतीतलं हायलाईन बहुधा निरुपद्रवी असतं. जुन्या व्रणातलं कोलॅजन दाट होऊन एकसलग गुलाबी दिसतं. अंडाशयात दर माजानंतर राहणारी पांढरी खूणही हायलाईनच. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या प्लीहेतल्या बारीक धमन्यांच्या भिंतीही अशा जाड होतात. केरॅटिनचं हायलाईन गुरांच्या चामखिळींत आणि बैलांच्या शिंगाच्या कर्करोगात दिसतं. त्या कर्करोगात केरॅटिनचे थरावर थर साचून गोल मोती बनतात आणि निदानाला तेच उपयोगी पडतात.

फुप्फुसात वायुकोशांच्या भिंतीवर गुलाबी पापुद्रा बसतो, त्याला हायलाईन मेम्ब्रेन म्हणतात. कोविडच्या गंभीर रुग्णांच्या फुप्फुसांत जो दिसला तोच हा. गुरांतही तीव्र न्यूमोनियात आणि विषारी वायूने तो बनतो.

हायलाईनसारखं दिसणारं अमायलॉइड

साध्या रंगात अमायलॉइड अगदी हायलाईनसारखं दिसतं, पण त्याचा अर्थ वेगळा. 1854 साली रुडॉल्फ फिरशो यांनी आयोडीन लावल्यावर ते स्टार्चसारखं रंगलं म्हणून हे नाव दिलं. प्रत्यक्षात ते चुकीची घडी पडलेलं प्रथिन आहे. ते पेशींच्या बाहेर साचतं आणि शरीराला सहसा हटवता येत नाही. कुठंतरी महिनोन् महिने सूज धुमसत असली, म्हणजे जुनाट कासदाह किंवा पोटात रुतलेली तार, की यकृत एक प्रथिन सतत जास्त बनवतं आणि त्यातून हे साचतं. गाईची मूत्रपिंडं मोठी आणि फिकी होतात, लघवीतून प्रथिनं वाहून जातात, हगवण लागते, जबड्याखाली पाणी उतरतं. बदकांच्या यकृतात आणि प्रतिविष बनवण्यासाठी वारंवार टोचलेल्या घोड्यांत ते वर्षानुवर्षं पाहण्यात आहे. काँगो रेड रंग देऊन ध्रुवित प्रकाशात पाहिलं की अमायलॉइड हिरवं चमकतं, साधं हायलाईन चमकत नाही. रिपोर्टात 'काँगो रेड करावं' असं लिहिलं असेल तर ती टाळाटाळ नाही. ती चाचणी करून घ्यावी.

लागतं का? बरं होतं का? गुडघ्यातलं काय?

हायलाईन एका जनावरातून दुसऱ्यात जात नाही. त्यामागचं कारण जाऊ शकतं. लाळ्या-खुरकूत लागण करतो. फऱ्या थेट लागत नाही, पण त्या मातीत त्याचे बीजाणू राहतात. कमतरता आणि विष लागण करत नाहीत, मात्र एकाच गोठ्यातल्या सगळ्यांचा चारा एकच असतो, म्हणून दुसरं जनावर आजारी पडायची वाट पाहू नये.

बरं होणं जागेवर अवलंबून आहे. मांडीच्या स्नायूत तंतूभोवतीची नळी शाबूत असेल तर तिच्यातल्या राखीव पेशी नवा तंतू उभा करतात. या पेशी 1961 साली अलेक्झांडर मॉरो यांनी दाखवल्या. म्हणजे गोठलेला तंतू परत येत नाही, त्याच्या जागी नवा येतो, आणि काही आठवड्यांत करडू चालू लागू शकतं. हृदयात ही सोय नाही. तिथं व्रणच राहतो.

गुडघ्यातल्या 'हायलाईन' कूर्चेबद्दलही विचारलं जातं. ती निरोगी, मुळातच काचेसारखी कूर्चा आहे. तिथं हायलाईन असणं चांगलं, झिजणं वाईट.

आणि मेलेल्या जनावराचं फिकट मांस खायला चालेल का? नाही. कारण कळलेलं असो वा नसो, आपोआप मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नये, विकू नये, कुत्र्यालाही घालू नये.

नमुना असा पाठवा

एक शंका मात्र खरी आहे: मेल्यानंतर कुजल्यानेही स्नायू असाच दिसतो ना? हो, काही अंशी. आपल्या दमट उष्म्यात काही तासांतच ऊती कुजू लागते आणि रेघा पुसट होतात. पण कुजणं सगळीकडे सारखं असतं. जिवंतपणी झालेल्या इजेत एक तंतू गोठलेला, शेजारचा चांगला आणि आजूबाजूला सफाई करणाऱ्या पेशी, असं चित्र असतं. अगदी ताजा स्नायू कापून लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकला तरी कडेचे तंतू आकसून खोटं हायलाईन दिसतं, म्हणून तुकडा थोडा लांब कापावा, म्हणजे मधला भाग तपासता येतो.

नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त आलेलं असेल तर जनावर उघडूच नये. तो फाशी (अँथ्रॅक्स) हा रोग असू शकतो. आधी कानाच्या रक्ताची काचपट्टी तपासून घ्यावी. बाकी वेळी हातमोजे घालून हृदय, दोन्ही मांड्या, जीभ, छातीचा पडदा, मूत्रपिंड आणि यकृत यांचे अर्धा सेंटिमीटर जाडीचे तुकडे घ्यावेत आणि तुकड्यांच्या दहापट, 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, रुंद तोंडाच्या बरणीत ठेवावेत. हे तुकडे बर्फात गोठवू नयेत, मिठात किंवा स्पिरिटमध्ये घालू नयेत. विषाची शंका असेल तर पोटातला चारा आणि यकृताचा एक तुकडा वेगळ्या पिशवीत, फॉर्मॅलिनशिवाय, बर्फावर ठेवावा. सोबतच्या चिठ्ठीत वय, लस कधी झाली, गेला महिनाभर काय खाल्लं, कोंबडीखाद्य किंवा कुटी दिली होती का, मरण्याआधी ते बांधलेलं होतं की मोकळं, आणि गोठ्यात आणखी कोण आजारी आहे, एवढं लिहावं. भाऱ्यात शेंगा असतील तर त्यातल्या चार त्याच पाकिटात टाकाव्यात.